हवाबंद कोठीतला सिनेमा

शनिवार, ९ मे. सकाळी सातला गच्चीवर तूर पसरली आणि खाली येऊन टिनाच्या खोलीतली कोठी उघडायला घेतली. दोन कारणं होती. एक, यंदाच्या तुरीला कोठी कमी पडत होती. दुसरं, रविवारी नागपूरहून एक गृहस्थ येणार होते आणि त्याआधी कोठीतले सिनेमाचे डबे पुसून ठेवायचे होते.

हे गृहस्थ जुन्या सिनेमांच्या वस्तू जमवतात. आमच्या गावातली टॉकीज पाडली तेव्हा ते पोस्टर शोधत आले होते. कोणीतरी त्यांना माझ्या घरचा पत्ता दिला, कारण माझे वडील त्या टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. बाबांनी जमवलेल्या गाण्यांच्या चोपड्या त्यांनी खाटेवर बसून एकेक करून पाहिल्या. मग मी सहज म्हणाले, की एका मराठी सिनेमाची पूर्ण प्रिंटच आहे, अकरा डबे. ते उठून उभे राहिले. सिनेमाचं नाव सांगितल्यावर त्यांनी दोन-चार ठिकाणी फोन लावले आणि मला म्हणाले, "ताई, हा पिक्चर कोणाकडेच नाही आहे. सगळे समजून राहिले की संपला."

कोठी लिंपून बंद होती, म्हणून डबे पुढच्या खेपेला उघडायचे ठरले. मला तेव्हा बरं वाटलं होतं हे कबूल करते. लोकांनी गमावलेली वस्तू माझ्याकडे नीट ठेवलेली आहे, या गोष्टीचं.

ठेवण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही. मी तूरडाळीचा धंदा करते. तूर घ्यायची, उन्हात कडक वाळवायची, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायची आणि झाकणाची कड शेणमातीनं लिंपून टाकायची. बोटभर फट राहिली तर भुंगा होतो. माझ्या तुरीला भुंगा होत नाही. गल्लीतल्या बायका लेकीचं लग्न झालं की तिला साठवण शिकवायला माझ्याकडे पाठवतात. बाबा गेल्यानंतरच्या मे महिन्यात मी सिनेमाचे अकराही डबे असेच केले. गच्चीवर चार दिवस ऊन दाखवलं, डब्यांच्या कडांना चिकटपट्टी गुंडाळली, कोठीत तळाला नि वर पाला घातला आणि झाकण लिंपलं. त्याला तेरा वर्षं झाली.

रविवारी फक्त ते गृहस्थ येणार नव्हते. मावशी येणार होती.

मावशी म्हणजे राळेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरची म्हातारी. माझी नात्याची कोणी नाही. वीसेक वर्षं ती हंगामात माझ्याकडे तूर पाखडायला यायची. तिच्यासारखं सूप कोणाला चालवता येत नव्हतं. यंदा गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून आली नाही. हा सिनेमा तिच्या गावाजवळ काढला होता. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. एका जत्रेच्या देखाव्यासाठी सिनेमावाल्यांनी तांड्यावरच्या बायकांना त्यांच्या रोजच्या घागरा-फेटियात, आरशांच्या कपड्यांत, चालायला लावलं होतं. त्यांत मावशीची आई होती. पुढच्याच वर्षी आई बाळंतपणात गेली. आईचा फोटो नाही. त्या काळी तांड्यावर कोणाचाच नव्हता. सिनेमा टॉकीजला लागला तेव्हा मावशीच्या बापानं तिला नेलं नाही. मेलेल्या बाईला पडद्यावर चालताना पाहू नये असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्यांदा लागला तेव्हा ती लग्न होऊन उमरखेडकडे गेली होती. पुढे सासरची माणसं तिच्या माहेरच्या तांड्यावरच येऊन राहिली.

म्हणजे तिची आई जिथे दिसेल अशी जगात एकच जागा होती, आणि ती माझ्या कोठीत होती.

हे मला पहिल्या हंगामापासून माहीत होतं. पाखडता पाखडता ती विचारायची, "वो ताई, तुह्या बाबाले सांग नं, माही याडी दाखव म्हणा एकडाव." याडी म्हणजे आई. मी म्हणायची, "दाखवू." बाबा मात्र नुसतं म्हणून थांबणारे नव्हते.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. टॉकीज चालू होती तेव्हा दर गुरुवारी रात्री जुना सिनेमा उतरायचा आणि शुक्रवारी नवा चढायचा. पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. सकाळी रिक्षाला भोंगा आणि दोन बाजूंना पोस्टर बांधून माणूस गावभर ओरडत फिरायचा. बाबा केबिनमध्ये रिळं तपासायचे, तुटलेल्या पट्ट्या जोडायचे. मी शाळा सुटली की डबा घेऊन जायची आणि केबिनच्या चौकोनी भोकातून सिनेमा पाहायची. पुढे व्हिडिओ आला, मग केबल आली. बाल्कनी बंद झाली, मग दुपारचा खेळ बंद झाला. शेवटी टॉकीजमध्ये सोयाबीनची पोती भरली. हा सिनेमा दुसऱ्यांदा लागला होता तेव्हाच अमरावतीच्या वितरकाचं दुकान बसलं आणि प्रिंट परत न्यायला कोणी आलं नाही. मालक म्हणाला, फेकून द्या. बाबांनी डबे सायकलवर तीन खेपांत घरी आणले.

घरी त्यांनी डब्यांची झाकणं कधी घट्ट लावली नाहीत. महिन्यातून एकदा ते अंगणातल्या सावलीत बसून एकेक रीळ एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गुंडाळायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबा, धूळ बसते त्याच्यावर. झाकण लावा ना." ते म्हणायचे, "हवा लागू दे. कोंडलं की मरते ते." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला काम हवं असतं, म्हणून करतात. त्यांच्या बाकी पसाऱ्याबद्दलही माझं मत चांगलं नव्हतं. चोपड्या, काचेवरच्या जाहिराती, नट-नट्यांचे पुठ्ठ्यावरचे फोटो. एकदा कापूस घरात भरला तेव्हा खाली अंथरायला मी त्यांची पोस्टर घेतली होती, उलटी करून. जाड कागद, कामाचा. कापूस उचलल्यावर त्यांनी ती झटकून परत गुंडाळून ठेवली.

ते गेले त्याच वर्षी माघात कळंबच्या यात्रेत तंबूचा सिनेमा आला होता. तंबूवाल्याचा ऑपरेटर बाबांच्या ओळखीचा. दोघांनी ठरवलं की एका सकाळी तंबू रिकामा असताना बाबांची प्रिंट लावायची. मावशीला बोलवायचं, तिच्या तांड्यावरच्या बायकांना बोलवायचं. बाबांनी सगळं पक्कं केलं आणि मग मला सांगितलं, कारण मावशी तेव्हा माझ्या कामावर होती.

तो तुरीचा ऐन हंगाम होता. अंगणात पोती पडली होती, ढग येत होते. मी म्हणाले, "बाबा, या आठवड्यात ती एक दिवस जरी गेली तरी माझं काम बसते. पुढच्या वर्षी यात्रा नाही का?"

बाबा म्हणाले, "यात्रा आहे. माहं सांगता येत नाही."

"काहीतरीच बोलता."

मावशी तिथेच होती, सूप हातात घेऊन. ती हसून म्हणाली, "राहू द्या बाबा. माही याडी कुठं पळून चालली? डब्यात तं आहे."

बाबा श्रावणात गेले. पुढच्या माघात तंबू आलाच नाही, नंतरही आला नाही. मशीन कुठे मिळेल याची चौकशी मी करू शकले असते. केली नाही. डबे सुरक्षित होते, आणि सुरक्षित वस्तूची घाई नसते असं मी धरून चालले. मावशीनंही हळूहळू विचारणं सोडलं. फक्त कधी कोठीजवळून जाताना ती झाकणावर हात ठेवायची.

म्हणून एप्रिलमध्ये नागपूरच्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्याकडे एक छोटं मशीन आहे, रीळ त्यावर लावलं की लॅपटॉपवर चित्र दिसतं, तेव्हा मी त्याच दिवशी तांड्यावर निरोप धाडला. नुसता निरोप नाही, फोन करून स्वतः बोलले. "मावशी, दहा मेच्या रविवारी या. तुमची आई दाखवते." ती म्हणाली, "खरं सांगून राह्यली का तू?"

"खोटं कशाला सांगू?"

"मंग मी सूनबाईले, नणंदेले, साऱ्यायलेच घेऊन येतो."

तर शनिवारी सकाळी मी कोठीची शेणमाती खुरप्यानं काढली. झाकण उचललं आणि मागे सरकले. वास आला. कैरीचं लोणचं बिघडल्यावर येतो त्याहून तीक्ष्ण, आंबट, डोळ्यांत जाणारा. सिरक्याचा. मला आधी वाटलं, एखादं जनावर मेलं. पाला काढला. तो काळा होऊन भुगा झाला होता. डबे गंजले होते. पहिल्या डब्याची चिकटपट्टी कापली, झाकण निघेना, स्क्रूड्रायव्हर घालून काढलं.

आत रीळ नव्हतं. गुळाची ढेप असावी तसा एक गोळा होता, कडेनं पांढरी पूड आलेली. मी बोटानं सुटं टोक शोधलं. हातभर पट्टी निघाली आणि कडकन मोडली. ती उजेडात धरली. एक बैलगाडी, तीच बैलगाडी, परत तीच बैलगाडी, आणि पुढे काही नाही, नुसत्या सुरकुत्या. मी एकामागून एक अकराही डबे उघडले. सातव्यात थोडं बरं होतं, बाहेरचे दोन-तीन वेढे सुटले. त्यात नायिका विहिरीवर उभी होती. जत्रा कितव्या डब्यात होती हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, व्हिडिओ कॉल करा." मी डबे दाखवले.

"काय करून ठेवलं होतं तुम्ही हे?"

मी सांगितलं. ऊन, चिकटपट्टी, पाला, कोठी, शेणमाती, टिनाची खोली. जसं सांगत गेले तसा माझा आवाज माझाच मला बावळट वाटायला लागला.

"पाण्यानं भिजलं नाही ना?"

"थेंब नाही. हवाबंद होतं."

"तेच तर झालं ना ताई." ते माणूस म्हणून भले आहेत, ओरडले नाहीत. "फिल्मला आपोआप आंबूस वाफ सुटते. ती बाहेर गेली पाहिजे. डबा बंद केला की तीच वाफ तिला खाते. आणि गरमी असली तर पटापट. आपल्याकडचा उन्हाळा, वरून टीन. उघडी राहिली असती, थंड जागी, तर काही ना काही हाती लागलं असतं."

"आता काहीच नाही का?"

"त्या सातव्या डब्यातले दोन-तीन वेढे मिळतील. बाकी गोळा झाला."

मग ते अडखळत म्हणाले की चोपड्या आणि पुठ्ठ्यावरचे फोटो त्यांना हवेच आहेत, त्यासाठी ते कधीही येतील. या सिनेमाची चोपडी आहे का, तिच्यात फोटो असतील. होती. मी लगेच काढून पाहिली. पहिल्या पानावर नायक-नायिका, आत गाणी, शेवटच्या पानावर विनोदी नट तोंड वेडंवाकडं करून. जत्रेचा फोटो नव्हता. फोटोंच्या संचातही नव्हता. तांड्यावरच्या बायकांचा फोटो छापून तिकीट खपत नसतं. रविवारी येऊ नका असं त्यांना सांगितलं आणि फोन ठेवला.

दुपारभर मी ते डबे गच्चीच्या जिन्यात ओळीनं मांडून बसले होते. नवरा जेवायला आला, वास आला म्हणून वर पाहायला आला.

"गेलं काय?"

"गेलं."

"मंग फोन करून सांगून टाक म्हातारीले. उन्हानं गेलं म्हणा. यंदाचं ऊन साऱ्यायचंच जाळून राह्यलं."

"उन्हानं नाही गेलं. मी घालवलं."

"तिले काय समजते त्यातलं?"

"मला समजते ना."

"मंग जाऊन सांग," तो म्हणाला, आणि जेवायला बसला. त्याचं बरोबर होतं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

संध्याकाळी मी एक गोष्ट करून पाहिली. तो सिनेमा मी लहानपणी केबिनच्या भोकातून निदान दहा वेळा पाहिला होता. म्हटलं, जत्रेचा देखावा आठवून लिहून काढावा. मावशीला तेवढं तरी सांगता येईल. वही घेतली. नायिकेची साडी आठवली, काठाची. तिच्या हातातली बांगड्यांची पिशवी आठवली. नायक पाळण्याच्या खांबाला टेकून उभा होता, हे आठवलं. गाण्याची चाल आठवली. मागून बायका जातात हे आठवलं. पण एकीचा चेहरा नाही, चाल नाही, कोण पुढे कोण मागे, काही नाही. आरसे चमकायचे एवढं आठवलं. दहा वेळांत एकदाही मी नायिकेवरून नजर काढून मागे पाहिलं नव्हतं. अर्ध्या पानावर वही बंद केली. अंदाजानं लिहिता आलं असतं. एक बाई वळून हसली, तिच्या कडेवर मूल होतं, असं काहीही. मावशीनं ते मानलं असतं आणि मरेपर्यंत जपलं असतं. म्हणूनच लिहिलं नाही.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं निघाले. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत चालत गेले. साडेसात झाले होते. मावशीच्या दाराशी जीप उभी होती, भाड्यानं केलेली, आणि बायका चढायला लागल्या होत्या. मावशी ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, केसांना तेल, गळ्यात जुनी चांदी.

मला पाहून ती म्हणाली, "व माय, तूच आली न्यायले? आम्हाले रस्ता दिसत नाही का?" बायका हसल्या.

मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. बाबा झाकण उघडं ठेवायचे, मी बंद केलं. ते हवा लागू दे म्हणायचे, मी ऐकलं नाही. उन्हात मी घातलं, कोंडलं मी. आणि त्या वर्षी कळंबला तुम्हाला जाऊ दिलं नाही, तेही मीच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "साराच?"

"सारा."

"माही याडी बी?"

"हो मावशी."

ती म्हणाली, "तेरा वर्षं कुलूपबंद करून ठेवलं तुनं. चोर घेऊन गेला असता तं बरं झालं असतं. चोरानं तं पाह्यलं असतं."

जीपमध्ये अजून दोघी चढल्या.

"तुनं तं पाह्यला होता नं, लहानपणी?" ती एकदम वळली. "कशी चालते माही याडी? तेवढं सांग. कोन्या बाजूनं येते?"

मी म्हणाले, "मावशी, मी मागच्या बायकांकडे पाहिलं नाही. माझं लक्ष नव्हतं."

ती मान हलवत राहिली, म्हातारी माणसं कोणाचं दुखणं ऐकताना हलवतात तशी. जीपमधून तिच्या सुनेनं हाक मारली, की चला ना, ऊन होऊन राहिलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "मी नाही सांगत त्यायले," ती म्हणाली. "एक तं साठीची म्हातारी आहे, तिची बी आई होती त्यात. तूच सांग."

मी उठले आणि जीपजवळ गेले. आत दाटीवाटीनं नऊ जणी बसल्या होत्या. साठीची पुढे होती, ड्रायव्हरच्या बाजूला, मांडीवर शिदोरीचं गाठोडं घेऊन. मी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली आणि आधी तिच्या खिडकीशी जाऊन बोलायला सुरुवात केली.